करंगळी वर करणाऱ्या लेकराला शिक्षा कशाची?

वर्गातल्या एखाद्या लेकराच्या बुडाखालची फरशी ओली होते. आधी शेजारचा पोरगा सरकून बसतो. मग मागच्या रांगेतून हसू फुटते आणि आरोळी येते, "गुरुजी, हिनं मुतलं!" सारा वर्ग हसतो. लेकरू मात्र मान खाली घालून ओल्या जागेवर तसेच बसून राहते. उठले तर सगळ्यांना दिसेल म्हणून उठत नाही. बसून राहिलो तर कपडे अंगावरच वाळतील, एवढीच त्याला आशा असते. मग शिक्षकाची पाळी येते. "एवढी घोडी झाली, कळत नाही का? तोंडानं सांगता येत नव्हतं?" खरे म्हणजे लेकराने सांगितलेले असते. दहा मिनिटांपूर्वी त्याने करंगळी वर केलेली असते, आणि "आत्ताच तर जाऊन आलीस, बस खाली" असे म्हणून त्याला खाली बसवलेले असते.

हे दृश्य पाहिले नाही असा शिक्षक यवतमाळ जिल्ह्यातच काय, साऱ्या महाराष्ट्रात सापडणार नाही. तरीही यावर कोणी बोलत नाही. शिक्षणाच्या गुणवत्तेवर परिसंवाद होतात, पोरे शाळा का सोडतात यावर अहवाल निघतात. पण लघवीचे नाव काढले की सभ्य माणसे नाक मुरडतात. ज्या गोष्टीसाठी लेकराला रोज भर वर्गात अपमान सोसावा लागतो, ती गोष्ट बोलण्याच्या लायकीची नाही असे मानणे हा कुठला सभ्यपणा?

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. मी जिल्ह्यातल्या शाळांमध्ये अनेक वर्षे शिकवले. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. दिवसातून पाच-सहा वेळा करंगळी वर करायची. मी दोनदा सोडायचो, तिसऱ्यांदा दटावायचो. ती खाली बसायची, पण मांडी घालून नाही. एका पायाची टाच अंगाखाली दाबून बसायची. मला वाटायचे, ही चुळबुळी आहे, अभ्यासात लक्ष नाही. एक दिवस फरशी ओली झाली. मी तिला सगळ्यांसमोर उभे केले आणि तिच्याच हाताने ती फरशी पुसून घेतली. "आता आठवण राहील," असेही म्हणालो. आठवण राहिली असणारच. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती शाळेत आलीच नाही. तिच्या आईला विचारले तर म्हणाली, "लेकरू लय जिद्दी आहे जी, नाही म्हणते शाळेत जायले." मी हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारला आणि मोकळा झालो.

पुढे काही वर्षांनी माझ्याच घरात, माझ्या नातीला हाच त्रास सुरू झाला. तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले आणि लघवीबद्दल विचारण्याआधी विचारले, "ही शौचाला शेवटची कधी गेली होती?" आम्ही घरातली सगळी मोठी माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कोणालाच माहीत नव्हते. त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते ऐकताना मला माझी दुसरीतली मुलगी आठवत होती. तो हजेरीपटावरचा शेरा माझ्या नावापुढे असायला हवा होता!

खोड नव्हे, शरीर

दिवसा कपड्यांत लघवी होणे ही खोड नाही, आळस नाही आणि हट्टही नाही. कोणतेही लेकरू मुद्दाम आपल्या मित्रांसमोर ओले होत नाही. मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. मूत्रपिंडांतून थेंब थेंब लघवी त्यात जमते. पिशवी भरत आली की मज्जारज्जूतून मेंदूकडे निरोप जातो. जागा आणि वेळ योग्य नसेल तर मेंदू थांबायला सांगतो आणि पिशवीच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळून धरला जातो. ही देवाणघेवाण शिकायला लेकराला वेळ लागतो. बहुतेक मुले चार वर्षांच्या आसपास दिवसा कोरडी राहू लागतात. पाच वर्षे उलटल्यावरही वारंवार कपडे ओले होत असतील तर त्याकडे लक्ष द्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. चाळीस पोरांच्या पहिली-दुसरीच्या वर्गात असे एखाद-दुसरे लेकरू असणारच. रात्री अंथरुणात लघवी होणे हा याच्या शेजारचा, पण वेगळा प्रश्न आहे.

लेकराच्या मूत्राशयात मावते किती, याचा डॉक्टर एक सोपा हिशेब करतात. वयाच्या आकड्यात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचे. येतील तेवढे मिलिलिटर. सात वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण २४० मिलिलिटर मावते. म्हणजे पाण्याचा एक पेला. खुर्चीवर बसलेल्या गुरुजींच्या मूत्राशयात याच्या जवळपास दुप्पट मावते. स्वतःला तीन तास थांबता येते म्हणून त्या लेकरालाही थांबता आले पाहिजे, हा कुठला न्याय?

आता माझ्या वर्गातली ती मुलगी टाचेवर का बसायची ते ऐका. जोराची कळ आली की लेकरे पायाला पाय आवळतात, उकिडवे होतात किंवा टाचेने लघवीची जागा दाबून धरतात. ती चुळबुळ नसते, ती लढाई असते. काही मुलांच्या मूत्राशयाचा स्नायू पिशवी भरण्याआधीच आकसतो आणि अचानक, न थांबणारी कळ येते. अशी मुले वारंवार जायला मागतात, आणि मागूनही दारापर्यंत पोहोचत नाहीत. याउलट काही मुले दिवसभर लघवी रोखून धरतात. सकाळी घरून निघताना गेलेले लेकरू संध्याकाळी घरी येऊनच जाते. रोखण्याची सवय लागली की तो स्नायू सैल पडायला विसरतो, लघवी पूर्ण होत नाही, थोडी आतच साचून राहते, आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो म्हणून त्यांना हा जंतुसंसर्ग जास्त होतो. मग आग होते, ताप येतो, लघवीला उग्र वास येतो आणि कपडे आणखी ओले होतात. औषधाने तो बरा होतो, पण रोखायला लावणारे कारण तसेच राहिले तर पुन्हा येतो.

माझ्या नातीचे कारण होते बद्धकोष्ठ. मूत्राशयाच्या अगदी मागे मलाशय असते. तिथे घट्ट मळ साचला की तो पुढे मूत्राशयाला दाबतो. पिशवीत जागा कमी होते, कळ लवकर येते आणि लघवी नीट उतरतही नाही. वरून पाहणाऱ्याला फक्त ओले कपडे दिसतात. ज्या शाळेत लघवीला जायची चोरी आहे तिथे शौचाला जायचे तर लेकरू नावच काढत नाही. दाबून धरते, मळ आणखी घट्ट होतो, दुखते, म्हणून आणखी दाबते. त्यात भाकरी, डाळ, पालेभाजीची जागा पाच-दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांनी आणि मैद्याच्या बिस्किटांनी घेतली आहे. कित्येक मुलांचे नुसते बद्धकोष्ठ दूर केले की दिवसाची लघवीही थांबते, असा बालरोगतज्ज्ञांचा अनुभव आहे.

पाणी, परवानगी आणि आपला जिल्हा

लघवीचा प्रश्न हा पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली आणि खुद्द यवतमाळ शहर पाण्यासाठी रांगेत उभे राहिले. खेड्यापाड्यांची आणि पोडांची तर गोष्टच सोडा. शाळेच्या टाकीत पाणी नसले की शौचालयाला कुलूप लागते. कुलूप लागले की लेकरू पाणी पिणेच कमी करते. घरची माणसेही तेच शिकवतात, "पाणी कमी पी, म्हणजे लघवी होणार नाही." हा उपाय उलटा आहे. पाणी कमी प्याले की लघवी घट्ट व पिवळी होते, ती मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला झोंबते, आणि मळही घट्ट होतो. कळ कमी होण्याऐवजी वाढते. यवतमाळच्या पंचेचाळीस अंशांकडे जाणाऱ्या उन्हात हे लेकराच्या जिवावर बेतू शकते.

बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेतली आपली तहान लिहून ठेवली आहे. नळाला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिक्षकाने परवानगी द्यायची आणि शिपायाने नळ सोडायचा. शिपाई नसला तर पाणी नाही! २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले गेले ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हते, माणूस म्हणून असलेला हक्क सांगण्यासाठी होते. आज शाळेत पाणी पिण्यासाठी कोणाला शिपायाची वाट पाहावी लागत नाही, निदान कायद्याने तरी नाही. पण प्यालेल्या पाण्याला बाहेर जाण्यासाठी मात्र अजून कोणाच्या तरी मर्जीची वाट पाहावी लागते. देहाच्या साध्या गरजेसाठी लेकराला हात जोडायला लावणे ही शिस्त नव्हे, ही हुकूमत आहे.

आणि परवानगी मागायला शब्द तरी हवेत! पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागातल्या कोलाम पोडांवरचे लेकरू पहिलीत येते तेव्हा त्याची भाषा कोलामी असते. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. तिचा मराठीशी सांधा नाही. सहा वर्षांच्या त्या लेकराला 'लघवीला जाऊ का' हे मराठीत म्हणता येत नाही, आणि करंगळीची खूण त्याला कोणी शिकवलेली नसते. ते नुसते उठून उभे राहते. गुरुजी म्हणतात, "बस." ते बसते. पुढे जे व्हायचे ते होते, आणि मग 'यांना वळणच नाही' असा शिक्का साऱ्या जमातीवर बसतो. आश्रमशाळेत तर लेकरू रात्रंदिवस तिथेच राहते. घरी आई निदान कपडे बदलते; तिथे शंभर पोरांसमोर ओली चादर वाळत घालावी लागते. पांढरकवडा आणि पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. आश्रमशाळांच्या तपासणीत त्यांनी पटसंख्येबरोबर हेही मोजावे, की रात्री दहा वाजता एखाद्या लहान लेकराला शौचालयापर्यंत उजेडातून जाता येते का?

सिकलसेल विसरू नका

विदर्भातल्या आई-बापांनी एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी. ती म्हणजे सिकलसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली होती. आपल्या भागात हा आजार बौद्ध समाजात, गोंड, परधान, कोलाम अशा आदिवासी जमातींत आणि इतरही बहुजन समाजांत आढळतो. सिकलसेलग्रस्त मुलाच्या मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची ताकद लहानपणीच कमी होते. त्यामुळे त्याला जास्त लघवी होते, जास्त वेळा होते, रात्री अंथरुणही ओले होते. त्याला पाणीही जास्त लागते. पाणी कमी पडले तर रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन अडकतात आणि हाडे फोडणाऱ्या वेदनांचा झटका येतो.

आता विचार करा. अशा मुलाला पाणी कमी पी म्हणणे आणि लघवीला सोडू नये, हे किती घातक आहे! वर्गात वारंवार करंगळी वर करणारे, डोळे पिवळसर दिसणारे, हातपाय दुखतात म्हणून गैरहजर राहणारे लेकरू हे टाळाटाळ करणारे नसून आजारी असू शकते. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सरकारी दवाखान्यात याची रक्ततपासणी होते. ती करून घ्यावी आणि निदान झाले असेल तर वर्गशिक्षकाला स्पष्ट सांगावे. त्यात लपवण्यासारखे काही नाही. ज्या लेकराला सिकलसेल आहे त्याच्या बाकावर पाण्याची बाटली हवी आणि त्याला न विचारता बाहेर जाण्याची मोकळीक हवी.

सगळ्याच मुलांचे कारण साधे असते असेही नाही. जन्मापासून सतत थेंब थेंब लघवी गळत असेल, मुलाला लघवीसाठी कुंथावे लागत असेल किंवा धार बारीक असेल, लघवीतून रक्त जात असेल, पायात अशक्तपणा आला असेल, कमरेवर मणक्याच्या जागी खड्डा किंवा केसांचा पुंजका असेल, तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. लेकराला फार तहान लागते, फार लघवी होते आणि ते वाळत चालले आहे, असे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तो मुलांमधला मधुमेह असू शकतो आणि त्यात उशीर जीव घेतो. कंबरेला ताईत बांधून यातले काहीही बरे होत नाही.

आणखी एक कारण आहे, ज्याचे नाव घ्यायला आपण घाबरतो. वर्ष-दोन वर्षे कोरडे राहणारे लेकरू अचानक कपडे ओले करू लागले तर त्याच्या आयुष्यात काय बदलले ते शांतपणे पाहिले पाहिजे. आई-बाप ऊसतोडीला गेले असतील, घरात भांडणे असतील, बापाने आत्महत्या केली असेल. आपल्या जिल्ह्याला हे दुःख नवे नाही. पण कोणी त्याच्या अंगाला हात लावत असेल, हेही असू शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले आणि महाराष्ट्र हादरला. ज्या लेकराला शौचालयाचीच भीती बसली आहे ते तिथे जाणार कसे? अशा वेळी त्याला मारून बोलते करता येत नाही. जवळ घेऊन ऐकावे लागते. संशय असेल तर कळवणे हे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि १०९८ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

कायदा कागदावर, कुलूप दारावर

लेकरांच्या बाजूने कायदा नाही असे नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी हे निकष ठरवले. त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. ओले झालेल्या लेकराला वर्गासमोर उभे करणे हा मानसिक छळच आहे. मी केला तोही! ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत सगळ्या शाळांत स्वच्छतागृहे व पाणी द्या, असा आदेश राज्यांना दिला. पुढे स्वच्छ विद्यालय मोहीम आली आणि एका वर्षात ४ लाख १७ हजार शौचालये बांधल्याचे सरकारने जाहीर केले.

पण महालेखापरीक्षकांच्या पथकाने यातल्या, सार्वजनिक कंपन्यांनी बांधलेल्या काही शौचालयांची प्रत्यक्ष पाहणी केली. २०२० साली संसदेसमोर आलेल्या त्या अहवालानुसार पाहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के शौचालये वापरात नव्हती आणि ७२ टक्के शौचालयांच्या आत नळाचे पाणीच नव्हते. म्हणजे फोटोपुरते शौचालय आणि लेकरासाठी कुलूप.

याचा सगळा दोष शिक्षकावर टाकून चालणार नाही. दोन शिक्षकी शाळा, शिपाई नाही, सफाई कर्मचारी नाही, पाण्याचा टँकर आठवड्यातून एकदा, आणि अनुदान तुटपुंजे. शौचालय उघडे ठेवले तर घाण होते आणि घाण झाली तर काढणार कोण? म्हणून गुरुजी कुलूप लावतात. 'काढणार कोण' याचे उत्तर या देशाने जातीत शोधले आहे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. २०२२ साली तामिळनाडूच्या इरोड जिल्ह्यात आणि डिसेंबर २०२३ मध्ये कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात दलित विद्यार्थ्यांकडून शौचालये आणि शौचाची टाकी साफ करून घेतल्याची प्रकरणे उघड झाली, मुख्याध्यापकांना अटकही झाली. आपल्या शाळेत झाडू कोणाच्या हातात दिला जातो, याच्यावर पालकांचा डोळा असला पाहिजे. शाळेची स्वच्छता ही पगारी माणसाची आणि सरकारी अनुदानाची जबाबदारी आहे, लेकरांची नाही.

काय करता येईल?

पुष्कळ करता येईल, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही.

घरी लेकराला दर दोन-अडीच तासांनी लघवीला पाठवावे. कळ आली की नाही हे विचारू नये, घड्याळ पाहून पाठवावे. घाई करू देऊ नये. उकिडवे, नीट पाय टेकून बसावे, मुलींनी चड्डी पुरती खाली करावी, आणि संपले असे वाटल्यावरही क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करावा. पाणी दिवसभर थोडे थोडे द्यावे; ते तोडू नये. जेवणानंतर दहा मिनिटे शौचाला बसण्याची सवय लावावी. ताटात भाकरी, डाळ, पालेभाजी आणि मिळेल ते फळ असावे. मळ घट्टच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध द्यावे आणि ते मध्येच बंद करू नये. कोरडे राहिल्याचे नव्हे, वेळेवर जाऊन आल्याचे कौतुक करावे. कारण जाणे त्याच्या हातात आहे, कोरडे राहणे अजून नाही. चटके, मार, टोमणे आणि पाहुण्यांसमोर सांगणे, हे सगळे बंद. बहुतेक मुले एवढ्यानेच काही महिन्यांत सुधारतात. नाही सुधारली तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग विभागाला दाखवावे.

शाळेत करंगळी वर झाली की लेकराला जाऊ द्यावे. दहापैकी एखादा बाहेर भटकायला जाईल. त्या एकासाठी नऊ जणांना डांबू नये. केरळच्या शाळांनी २०१९ साली पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा सुरू केली आणि देशभर तिचे कौतुक झाले. आपणही ती वाजवावी, पण तिच्याबरोबर शौचालयाचे कुलूप निघाले पाहिजे. नाहीतर ती घंटा लेकराला छळणारीच ठरेल. प्रत्येक वर्गाच्या कपाटात दोन-तीन जुने धुतलेले कपडे ठेवावेत. कोणाचे कपडे ओले झाले तर गाजावाजा न करता त्याला बदलायला द्यावे आणि हसणाऱ्यांना त्याच वेळी थांबवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. लेकरू लाजेने त्यांना हे सांगणार नाही; वर्गशिक्षकाने बाजूला घेऊन सांगावे.

आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समिती ही सही करण्यापुरती नाही. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, असे सांगितले आहे. म्हणजे त्या खोलीत बहुमत आपले आहे! येत्या बैठकीत एवढेच विचारा: शौचालयाची किल्ली कोणाकडे असते? आत पाणी आहे का? कडी आतून लागते का? कोण साफ करते आणि त्याला पगार कोण देतो? उत्तर न मिळाल्यास बैठकीच्या इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्या आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. इमारतीच्या रंगरंगोटीवर चर्चा करणाऱ्या बैठका पुष्कळ झाल्या. आता एकदा या विषयावर होऊ द्या.

माझ्या वर्गातली ती मुलगी आज तिशीच्या पुढे असेल. तिला काय झाले होते, बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग की सिकलसेल, हे मला कधीच कळणार नाही, कारण मी विचारलेच नाही. तिची शाळा एका ओल्या फरशीपायी सुटली. शिकण्यासाठी आपल्या समाजाने काय काय सोसले ते आपण दर जयंतीला भाषणांत सांगतो. मग आपल्याच लेकरांची शाळा एवढ्याशा कारणाने सुटू देणार आहोत का? उद्या वर्गात करंगळी वर झालेली दिसली, तर गुरुजी, बाई, एवढेच म्हणा, "जा बाळा, सावकाश ये."